बाई, दात!

मंगरुळात शिक्षिका म्हणून रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली. मला वाटलं, शेजारी कोणी जातं ओढतंय. मी नवऱ्याला म्हटलं, "काय कष्टाळू बाई आहे हो, इतक्या पहाटे दळायला बसते." उजाडल्यावर पाण्याला निघाले तेव्हा शेजारच्या खोलीत डोकावले. जातं कुठंच नव्हतं. एक खाट, एक ट्रंक, खुंटीला छत्री, आणि चुलीपुढं आमच्या मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाई दोन्ही तळहात गालांना लावून बसलेल्या.

"झालं का दळून?" मी विचारलं.

"काय दळून?" बाई म्हणाल्या. "मी तं झोपून होती."

ती घरघर त्यांच्या दातांची होती, हे मला आठवडाभरात कळलं. त्यांना पटायला मात्र फार दिवस जावे लागले.

बाई अंगानं किडकिडीत. मनगटं तर अशी, की घड्याळ बांधलं असतं तर कोपरापर्यंत सरकलं असतं. पण चेहरा वेगळ्याच माणसाचा. कानांच्या खाली दोन्ही गाल तालमीतल्या गड्याच्या दंडासारखे फुगलेले, आणि कपाळापेक्षा जबडा रुंद. बाजारातली टवाळ पोरं त्यांना पैलवानबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

"म्हणू द्या," त्या म्हणत. "पैलवानाच्या वाटेले कोणी जात नाही."

त्या आसेगावकडच्या शेतकरी घरातल्या. लहानपणीच विधवा झालेल्या. भावांनी शेतावर राबायला ठेवलं असतं, पण त्या हट्टानं शिकल्या, अमरावतीला जाऊन ट्रेनिंग करून आल्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, वर्गाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. गावात एक गोष्ट सांगत, की सासरी गप्प बसून बसून, दातओठ खाऊन बाईंचा जबडा असा झाला. मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण म्हणते गप्प होती? गप्प तं माही सासू होती."

मुली शाळेत आणायची त्यांची एक तऱ्हा होती. मुलगी आली नाही की त्या छत्री घेऊन तिच्या घरी जायच्या आणि दारात उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. घरातली माणसं या म्हणत, बसा म्हणत, मग कारणं सांगत. बाई उभ्याच. एकदा एका कापसाच्या अडत्याच्या घरी मी त्यांच्याबरोबर होते. अडत्याची बायको म्हणाली, "पोरगी येऊन काय करन बाई? लहान्याले कोण पाहीन?" बाई उभ्या. ऊन ओसरीवर चढलं. मी छत्रीच्या सावलीत सरकले, बाई सरकल्या नाहीत. कानाखालचे ते दोन गोळे तेवढे वर-खाली होत होते. शेवटी त्या माउलीनं मुलीला वेणी घालून बाहेर पाठवलं आणि लहान्यालाही तिच्या कडेवर दिलं. तो पोरगा अख्खा हिवाळा आमच्या दुसरीच्या वर्गात पोत्यावर झोपला.

"आपण हलायचं नाही," परतताना बाई म्हणाल्या. "समोरचा हलते." आणि कमरेच्या चंचीतून सुपारीचं खांड काढून कडाकड फोडलं. अडकित्ता त्यांनी कधी वापरला नाही.

मी मंगरुळात आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा जबडा दुखायला लागला. आधी कान दुखतो म्हणत, मग कानशील, मग दाढ. भाकरी चावेना. बाजारात दात काढणारा बसायचा, त्याच्याकडून त्यांनी मागची एक दाढ उपटून घेतली. दाढ शाबूत निघाली आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. उजवा गाल तर आणखी वर आला. त्याच्या आदल्याच साली गावातला एक बिडीवाला गालाच्या गाठीनं गेला होता. त्यामुळं जो तो बाईंच्या गालाकडं बघून नजर खाली घ्यायचा. एका दुपारी त्यांनी मला शाळेच्या किल्ल्या कुठं असतात आणि कुठल्या मुलीच्या बापाला कसं समजवायचं, हे सगळं नीट सांगून ठेवलं.

एके सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यांचं तोंडच उघडेना. करंगळी जाईल एवढीच फट. त्या दिवशीचे सगळे धडे त्यांनी फळ्यावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोटारीत घालून अकोल्याला नेलं. वाटेत त्या फटीतूनच म्हणाल्या, "कापा म्हणन तं कापू देईन. पण शाळेतल्या पोरींची चवथीची परीक्षा होऊ दे म्हणा."

डॉक्टर म्हातारे होते, घाई नसलेले. त्यांनी बाईंच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली.

"दात आवळा."

बाईंनी आवळले.

"आता सोडा."

"सोडले."

"नाही सोडले."

"सोडले म्हणते नं मी!"

डॉक्टरांनी बाईंचाच हात धरून त्यांच्या गालावर ठेवला. "बघा. हे सोडलेलं आहे का?"

बाईंनी हात तसाच ठेवला. मग त्या पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या.

"ही गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "हा स्नायू आहे. मुद्गल फिरवणाऱ्याचा दंड वाढतो, तसा तुमचा हा वाढलाय. तुम्ही दिवसरात्र दात आवळता. वर ती सुपारी. कापायचं काही नाही. सुपारी आजपासून बंद. गरम कपड्यानं शेका, तेल लावून हलक्या हातानं चोळा, मऊ जेवा. आणि जेवण सोडून दाताला दात लागू द्यायचा नाही. ओठ मिटलेले, दात सुटे. जांभई कधी आली होती तुम्हांला?"

बाई आठवू लागल्या. "येते. पण अर्ध्यात अडकते."

"मोकळी येईल तेव्हा समजा सुटलात. वेळ लागेल. महिनोन्‌महिने लागतील."

गाठ नाही हे ऐकून मी तिथंच रडले. बाई मात्र बाहेर आल्या त्या फणफणतच. "दिवसभर दात आवळते म्हणे! मले काय दुसरं काम नाही?" मोटार सुटली. पहिल्याच खड्ड्याला मी त्यांच्या गालाकडं बघितलं आणि म्हटलं, "बाई, आवळलेत." त्या चपापल्या. पुढच्या वळणाला मी पुन्हा म्हटलं. बार्शीटाकळी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघायचं सोडून दिलं होतं. पण मंगरूळला उतरताना त्यांनी कमरेची चंची सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मागितली तरी देऊ नोको. मी लय मागीन."

खरंच खूप मागितली. गणित शिकवता शिकवता त्यांचा हात आपोआप कमरेकडं जाई, आणि तिथं चंची नाही म्हटल्यावर खडू मोडे. पण देऊन टाकलेली वस्तू त्यांनी परत हातात घेतली नाही.

दात आवळणं मोडायला त्यांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, "मुलींनो, माझ्या गालावर असा गोळा आला की तुम्ही मला सांगायचं. मोठ्यानं. मी रागावणार नाही."

मुलींना आणखी काय पाहिजे! पाढे चालू असोत की शिवण, कोपऱ्यातून आवाज यायचा, "बाई, दात!" बाई पटकन खालचा जबडा सैल सोडायच्या आणि पुढचं वाक्य बोलायच्या. पहिल्या पहिल्यांदा तर वाक्यागणिक थांबावं लागे. एकदा डेप्युटी साहेब तपासणीला आले. त्यांनी एक अवघड हिशेब घातला आणि बाईंकडं संशयानं बघितलं. बाई ताठ उभ्या राहिल्या, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, दात!" साहेबांनी घाबरून स्वतःच्या तोंडावर हात नेला. बाईंनी जबडा सोडला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हांला नाही साहेब, मला. मुली, उत्तर सांगा."

इतकं करूनही गाल हटेना. शेक झाला, तीळतेल झालं, मऊ खिचडी खाऊन त्या आणखी वाळल्या. स्वतः चोळायला बसल्या की जात्याचा खुंटा धरल्यासारख्या गाल धरत, आणि चोळताना दात आवळत. ते मी दाखवून दिलं की चिडत. "सोडायचं म्हणजे करायचं काय? धरायचं मले समजते. उभं राहायचं समजते. सोडायचं कसं, ते तं सांग कोणी!"

तेवढ्यात संक्रांत आली. मला बांगड्या भरायच्या होत्या आणि बाई माझ्याबरोबर आल्या. मनियार गल्लीत एक चाची होत्या, साठीच्या, दुकान घराच्या ओसरीतच. त्यांनी माझा हात घेतला, अंगठ्याखालचा मांसल भाग हळूहळू मळला, बोटं एकावर एक दुमडली आणि मला कळायच्या आत बांगडी मनगटात होती. दुसऱ्या बांगडीला मी हात ताठ केला. चाची म्हणाल्या, "ढीला छोडो बाई. तुम जोर लगाओगे तो चूडी फूटेगी."

बाई टक लावून बघत होत्या. मग एकदम वाकून म्हणाल्या, "चाची, हे गालाले होते काय?"

चाची हसल्या. पण बाई हसत नाहीत हे बघून त्यांनी पदराला हात पुसले, बाईंना समोर बसवलं आणि दोन्ही अंगठे त्यांच्या कानाखाली ठेवले. "या अल्ला, ये तो पत्थर है." चाचींनी जोर लावला नाही. नुसता अंगठा ठेवला, गोल फिरवला, थांबल्या, पुन्हा फिरवला. "तुमी काई करू नका. मेरा हाथ है, मेरे को करने दो." बाईंचे डोळे मिटले. काही वेळानं खालचा ओठ किंचित लोंबला. मी त्यांना इतके दिवस ओळखत होते, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता.

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई चाचींकडं जायच्या. चाचींना त्यात आपली फार मोठी करामत वाटत नसे. गिऱ्हाईक नसलं की चोळायच्या, असलं की बाईंना बसवून ठेवायच्या. घरी चोळताना हात कसा हलका ठेवायचा तेही त्यांनी बाईंना शिकवलं. होळीपर्यंत दोन बोटं तोंडात जायला लागली. पहाटेची घरघर कमी झाली. एका सकाळी बाईंनी भाकरी दुधात न भिजवता खाल्ली आणि भिंतीवर थाप मारून मला सांगितलं.

पण विधवा बाई रोज बांगड्यांच्या दुकानात जाते, हे गावानं कसं सोडावं? कुणी म्हणालं बाई पाट लावणार. कुणी नवरदेवाचं गावही सांगितलं. शाळा कमिटीचे अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार होते. बोलायला लागले की थांबणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एका रविवारी दुपारी शाळेतच बैठक बोलावली आणि बाईंना समोर बसवलं. मलाही बोलावलं होतं. नोकरी गेली तर बाईंना भावांच्या शेतावर परत जावं लागणार होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि अध्यक्षांना जास्तच माहीत होतं.

"बाई, तुमी मनियाराच्या घरी रोज जाता. गावात काय बोलून राह्यले लोक, ठाऊक आहे काय?"

"नाही."

"तुमी बांगड्या भरणार म्हून बोलून राह्यले."

"भरायच्या असत्या तं भरल्या असत्या," बाई म्हणाल्या. "लपून कायले जाईन? बांगड्या काय लपतात?"

"मग जाता काहून?"

"जबड्याले."

एक सभासद हसला. बाईंनी सगळं सांगितलं. अकोल्याचे डॉक्टर, सुपारी, अंगठे. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "गावात वैद्य नाही काय? दुसऱ्याच्या घरी, ते बी मुसलमानाच्या..."

"वैद्याचा हात गालाले लावून घेऊ?" बाईंनी विचारलं. "ते चालन काय तुमाले?"

अध्यक्षांनी मिशी पुन्हा सावरली. त्यांनी स्त्रीधर्मावर बोलायला सुरुवात केली. मुलींपुढचा आदर्श, गावाची अब्रू, पूर्वीच्या बायका. खोलीत उकडत होतं. मी बाईंच्या गालांकडं बघत होते, कारण अशा वेळी ते गोळे उठायचेच. उठले नाहीत. हात मांडीवर उघडे पडले होते, दात सुटे होते. अध्यक्ष आता रामायणाकडं वळत होते.

आणि बाईंना जांभई आली.

मी ती येताना बघितली. आधी नाकपुड्या हलल्या, मग हनुवटी खाली गेली, आणि नेहमी जिथं अडकायची तिथं ती अडकली नाही. तोंड उघडतच गेलं. मागची उपटलेल्या दाढेची मोकळी जागासुद्धा दिसली. डोळ्यांतून पाणी आलं. आवाजही झाला, लांब, पोटातून आलेला. अध्यक्षांचं वाक्य जागीच मेलं.

"बाई!" ते ओरडले.

बाई कानाखाली हात लावून चाचपत होत्या. चेहऱ्यावर असा आनंद, की मला हसू आणि रडू दोन्ही आवरेना. त्यांनी हात वर केला. "थांबा जी. अजून एक येऊन राह्यली."

दुसरीही आली. पहिलीपेक्षा मोठी.

अध्यक्ष उभे राहिले. "शेवटचं विचारतो. त्या घरी जाणं बंद करता की मी बोर्डाले लिहू?"

"लिहा," बाई म्हणाल्या. "माहं अजून पूर्ण सुटलं नाही. मी उद्या बी जाणार."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. इतके दिवस मागच्या बोळानं जायच्या, त्या दिवशी भर बाजारातून गेल्या आणि मला बरोबर नेलं. चाचींना जांभईची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी हातातली बांगड्यांची माळ खाली ठेवली आणि बाईंची अलाबला घेऊन कडाकड बोटं मोडली.

नोकरी गेली नाही, पण उन्हाळा संपायच्या आत बदली आली. मानोऱ्याला. तिथं मुलींची शाळा नावालाच होती, एका देवळाची पडवी आणि एक फळा. हुकूम वाचून मी संतापले. बाईंनी दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "पडवी आहे नं? मग झालं." त्यांची ट्रंक बैलाच्या दमणीत चढवली तेव्हा चाची तेलाची बाटली घेऊन आल्या. चाचींनी दमणीत चढून सगळ्यांसमोर बाईंच्या दोन्ही गालांवर एकदा अंगठे फिरवले आणि उतरल्या.

पुढची काही वर्षं त्यांची खबर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळायची. मानोऱ्याच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे पुष्कळ. बाई सकाळीच तांड्यावर जाऊन पोरी गोळा करून आणतात, पोहरादेवीच्या जत्रेच्या गर्दीत उभं राहून आयाबायांना शाळेचं सांगतात, असं ऐकू यायचं. मंगरुळात इकडं अध्यक्ष वारले. त्यांच्या जागी आला त्यांचा पुतण्या, नुकता वकील झालेला, अंगात कोट घालणारा. शाळेला हेडमिस्ट्रेस टिकत नव्हती. त्यानं मला विचारलं, "त्या जुन्या बाई येतील का परत? चला, आपणच जाऊन विचारू. काकांनी केलं ते बरं नव्हतं. त्यांना आनंदच होईल."

आम्ही मानोऱ्याला पोचलो तेव्हा वर्ग चालू होता. पडवीला आता कुडाची भिंत झाली होती आणि वर पत्रे आले होते. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. चेहरा निमुळता झाला होता. उजव्या गालाला जरासा फुगवटा होता, तेवढाच. त्यांनी आम्हांला बघितलं, मान हलवली आणि शिकवत राहिल्या. पुतणे वकील बाहेर लिंबाखाली उभे राहिले. मधली सुट्टी झाल्यावर बाई बाहेर आल्या.

"काय वं," मला म्हणाल्या, "सुकली तू. जेवतेस का नाही?"

"तुमचा गाल कसा आहे बाई?"

"थंडीत अजून धरते. मी सोडते. पुन्हा धरते. चालू आहे." मग त्या वकिलांकडं वळल्या. "बोला."

त्यांनी चांगलं बोलून सगळं सांगितलं. शाळा मोठी झाली आहे, मान मिळेल, काकांच्या वतीनं मीच माफी मागतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काकाचं सोडा," त्या म्हणाल्या. "माह्या मनात काही नाही. पण या पोरी दिवाळी झाली की मायबापासंग कामाले बाहेर जातीन, ते होळीपर्यंत येत नाही. जायच्या आधी यांयले वाचता आलं पायजे. गेल्या साली जमलं नाही. औंदा जमवते."

"म्हणजे नाही?"

"नाही. अन् हेडमिस्ट्रेस कायले शोधून राह्यले तुमी? ही काय उभी आहे. हिले करा. पोरीच्या बापासंग भांडायले घाबरते जराशी, पण शिकन."

माझा चेहरा तापला. मी काही म्हणणार तोच वर्गात कुणीतरी पाटी आपटली आणि बाई वळल्या. सुट्टी संपली नव्हती, तरी पोरी येऊन बसायला लागल्या होत्या. कुडाच्या भिंतीपलीकडून बाराखडी सुरू झाली. बाईंचा आवाज सगळ्यांत वर.

दमणीवाला बैल जुंपायला उठला. वकील जागचे हलले नाहीत. "त्यांनी माझा निरोपाचा नमस्कारसुद्धा घेतला नाही," ते म्हणाले.

"शाळा सुटेपर्यंत थांबलात तर घेतील," मी म्हटलं.

त्यांनी उन्हाकडं बघितलं, दमणीकडं बघितलं. मग अंगातला कोट काढला, घडी करून पायरीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले.